छत्तीस टेबलं, मेणबत्त्या आणि आत्याचा विरोध

प्रश्न थोडक्यात असा: पत्र लिहिणारी कोल्हापूरचीच, घरातली थोरली, नोकरी करते. धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे, सकाळी मुहूर्त आणि त्याच दिवशी संध्याकाळी ७ ते १० रिसेप्शन, एका मंगल कार्यालयात. वडील रिटायर्ड झालेत, त्यामुळं खर्चाचा बराचसा भार हिच्यावर. बहिणीनं मोबाईलवर कुठंतरी टेबलांवर मेणबत्त्या आणि काचेतले छोटे दिवे मांडलेले बघितलेत, तिला तसंच पाहिजे. डेकोरेटरनं ३६ टेबलांचे टेबलामागं ६५० सांगितले, म्हणजे २३,४०० रुपये, आणि हिनं या कामाला बाजूला काढलेत ८,०००. मैत्रिणी म्हणतात घरीच मेण आणून मेणबत्त्या करू. आत्या म्हणते मेणबत्त्या श्रद्धांजलीला लावतात, लग्नात कशाला, आणि मधेच विझली तर अपशकुन. त्यात मुलाकडची मंडळी पुण्याची, घरी केलेलं बघून ‘पैसे वाचवले’ म्हणतील अशी हिला धास्ती. हिनं विचारलंय, घरी करू का, कसं करू, आणि आत्याला काय सांगू?

अगं, सगळ्यात आधी एक सांगून टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. ८,००० मध्ये हे होतं, चांगलं होतं आणि दोन पैसे उरतात पण. फक्त ३६ टेबलांवर होत नाही, आणि माझं म्हणणं असंय की ३६ टेबलांवर करायचंच कशाला.

तू एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्यात टेबलं किती, मेण काय भावानं, आत्या काय म्हणाली, पुण्याचे काय म्हणतील, सगळं आहे. पण हॉलमधल्या लाइटबद्दल एक ओळ नाही आणि खरा प्रश्न तिथंच आहे. आपल्याकडच्या कार्यालयात संध्याकाळी डोक्यावर पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या असतात, स्टेजवर फोकस असतात, वर व्हिडिओवाल्याचा लाइट फिरत फिरत सगळ्यांच्या डोळ्यात जात असतो. एवढ्या उजेडात टेबलावर तू दहा मेणबत्त्या लाव नाहीतर पन्नास लाव, ज्योत दिसतच नाही, दिसतं ते नुसतं पांढरं मेण आणि काळी पडलेली वात. बहिणीनं जो फोटो बघितलाय तो परत एकदा नीट बघ, त्यात आजूबाजूला अंधार असणार, म्हणून त्या मेणबत्त्या तशा दिसतायत.

त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगेच्या घाटावर गेली असशीलच कधीतरी. साध्या मातीच्या पणत्या असतात, ना चमकी ना टिकल्या, तरी माणसं थंडीत अंधारात उठून बघायला जातात, कारण अजून उजाडलेलं नसतं आणि पणत्या पायऱ्या-पायऱ्यांवर ओळीनं मांडलेल्या असतात. त्याच पणत्या दुपारी बाराला लावल्या तर कोण थांबून बघणार? तुझ्या रिसेप्शनचं पण असंच आहे, अंधार थोडा मिळवायचा आणि दिवे एकत्र ठेवायचे, सगळ्या हॉलभर एकेक करून पसरायचे नाहीत.

म्हणून पहिलं काम म्हणजे कार्यालयाच्या मॅनेजरला फोन. त्याला विचार की हॉलचे लाइट वेगवेगळ्या बटणांवर आहेत का, म्हणजे स्टेज चालू ठेवून बसायच्या बाजूचे अर्धे बंद करता येतील का. दुसरं, पंखे वेगळे बंद होतात का, डिसेंबरात संध्याकाळी पंख्याची तशी गरज नसते पण काही हॉलमध्ये एकाच बटणावर आठ पंखे असतात. आणि तिसरं, उघडी ज्योत चालते का, कारण काही हॉलवाले अजिबात लावू देत नाहीत आणि काही जण फरशीवर मेण सांडलं तर डिपॉझिटमधून कापून घेतात. या तीन गोष्टी कळेपर्यंत एक रुपयाचं सामान आणू नको.

आता ३६ टेबलांचं बघू. यातली जेवणाची किती आणि नुसती बसायची किती, हे तू लिहिलं नाहीस. पंगत असेल तर त्या लांब टेबलांवर कागदाचा रोल अंथरलेला असतो, वाऱ्यानं त्याची टोकं उडत असतात, वाढपी आमटीची बादली घेऊन पळत असतात, तिथं पेटती ज्योत ठेवायचं मनात पण आणू नको. बुफे असेल तर आपली माणसं कशी येतात तुला माहितीये, स्टेजच्या लायनीत उभं राहायचं, फोटो काढायचा, पाकीट द्यायचं, ताट घ्यायचं, बरेच जण उभ्यानंच जेवतात आणि गाडी काढतात. टेबलावर निवांत बसतात कोण तर वयस्कर मंडळी, लांबून आलेले पाहुणे आणि नवऱ्यामुलाकडचे. त्यांच्यासाठी गोल टेबलं अशी किती असतील, १२, फार तर १४. सजवायची ती तेवढीच. बाकीच्या टेबलांवर स्वच्छ कापड आणि वाटीत चार शेवंतीची फुलं बास झाली, तिथं कुणी काही शोधत नाही.

डेकोरेटरकडून फक्त ही १४ करून घेतली तरी ६५० च्या भावानं ९,१०० होतात, म्हणजे तुझ्या बजेटच्या वरच. तरी त्याला एकदा विचारून बघ की नुसतं कापड आणि मांडणी करून देशील का, दिवे आमचे. काही जण तयार होतात आणि भाव बराच खाली येतो. हा पर्याय मी वाईट म्हणणार नाही, कारण त्या दिवशी तुला टेबलांकडं बघायला वेळच नसणार.

मैत्रिणींच्या मेण वितळवायच्या बेताबद्दल मात्र स्पष्ट सांगते, तो सोडून दे. घरी केलं की स्वस्त पडतं असं आपण धरून चालतो, इथं तसं होत नाही. पत्र्याच्या छोट्या वाटीतलं जे तयार टीलाइट मिळतं त्यात १२ ग्रॅमच्या आसपास मेण असतं आणि शंभर नगांचं पाकीट घेतलं तर एक नग ३ ते ५ रुपयांना पडतो. तू मेण आणणार, वाती आणणार, साचे आणणार, आणि नगामागं वाचणार रुपया-दोन रुपये. वर कामाचा ताप किती. मेण थेट गॅसवर ठेवता येत नाही, मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचा डबा ठेवावा लागतो, जास्त तापून पेटलंच तर पाणी ओतायचं नसतं, गॅस बंद करून झाकण टाकायचं असतं, कारण पाणी पडलं की पेटतं मेण भडका होऊन सगळीकडं उडतं. लग्नाच्या घरात, जिथं स्वयंपाकघरात आधीच दहा बायका आणि पाच पोरं, तिथं हे नकोच. शिवाय मेण थंड होताना आकसतं, वातीपाशी खड्डा पडतो, मग परत वरनं ओता. हौस म्हणून सुट्टीत एकदा करून बघायला छान आहे, लग्नाच्या आठवड्यात नाही.

मग घरी करायचं काय, तर दिवा ज्यात ठेवायचा ते. दिसतं तेच, आणि पैसे वाचतात ते पण तिथंच.

जॅम, लोणचं, कॉफी, मध, यांच्या काचेच्या बाटल्या गोळा करायला आत्तापासून सुरुवात कर. नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकलास की पंधरा दिवसांत ढीग होईल, कमी पडल्या तर भंगारवाल्याकडं बघ. सगळ्या सारख्या नसल्या तरी चालतं, उलट एका टेबलावर तीन वेगवेगळ्या उंचीच्या जास्त चांगल्या दिसतात. तोंड मात्र रुंद पाहिजे. टीलाइट साधारण ३८ मिलिमीटरचं असतं, त्याच्या भोवती बोटभर तरी जागा पाहिजे, नाहीतर आत हवा खेळत नाही, दिवा गरम होतो आणि काजळी धरतो. चहाचे छोटे ग्लास म्हणूनच नकोत, टीलाइट तळाला घट्ट बसतं आणि नंतर निघता निघत नाही. बाटलीची उंची अशी बघ की ज्योतीचं टोक काठाच्या दोन-तीन बोटं तरी खाली राहील. म्हणजे वाऱ्याची झुळूक आली तरी विझत नाही आणि कुणाचा पदर वरनं गेला तरी ज्योतीला लागत नाही.

लेबलं काढायला बाटल्या रात्रभर गरम पाण्यात सोडा टाकून ठेव, सकाळी कागद हातानं निघतो. जो चिकटा राहतो त्याला गोडेतेल चोळून दहा मिनिटं ठेवायचं आणि भांडी घासायच्या साबणानं धुवायचं. लोणच्याचा वास जायला झाकण उघडं ठेवून दोन दिवस उन्हात.

आत तळाला खडेमीठ घाल, दोन बोटं जाड थर. ते बर्फासारखं पांढरं दिसतं, टीलाइट त्यात सरळ बसतं आणि त्याची उष्णता थेट काचेच्या तळाला लागत नाही, त्यामुळं काच तडकायची भीती कमी. पाच किलो मीठ आणलंस तरी खर्च शंभरच्या आसपास. मीठ आदल्या दिवशी भरू नको, ओल धरतं, त्याच दिवशी दुपारी भर. कुणी तांदूळ घाला म्हणून सांगेल, आपल्याकडं लग्नात अक्षता पायदळी गेल्या तरी जीव हळहळतो, त्यामुळं ते राहू दे.

आणि बाटलीच्या बाहेरून काय, तर मला विचारशील तर आज्जीच्या किंवा आईच्या जुन्या इरकलीचा काठ. प्रत्येक घरात एखादी अशी साडी असतेच, मधे विरलेली पण काठ अजून दणकट. तो काठ दोन बोटं रुंद कापायचा, बाटलीच्या खालच्या भागाला गुंडाळायचा आणि मागं सुईदोऱ्यानं दोन टाके घालायचे, डिंक नको, गरम झाला की सुटतो. फक्त खाली, जिथं आत मीठ आहे तेवढ्याच उंचीला. ज्योतीच्या उंचीला कापड, लेस, कागद काही येऊ द्यायचं नाही. दिवा लागला की वरच्या उघड्या काचेतनं उजेड येतो आणि खाली काठाची लाल-हिरवी नक्षी त्या उजेडात दिसते. हे कुठल्या डेकोरेटरकडं मिळणार नाही. पुण्याच्या मंडळींची तुला जी धास्ती आहे ना, तिला माझं उत्तर हेच आहे. कुणी विचारलं तर सरळ सांग, आमच्या आज्जीच्या साडीचा काठ आहे. लग्नात घरच्या माणसांचा हात लागलाय हे कळल्यावर कुणाला काटकसर दिसते गं? आणि दिसलीच एखाद्याला, तर वडील रिटायर्ड असताना तू हिशेबानं वागलीस यात लाजायचं काय आहे. २३,४०० रुपये तीन तासांच्या टेबलांवर घातले असतेस तर तुझ्या बहिणीला पण नंतर बरं वाटलं नसतं.

दाराशी मात्र वेगळं कर. दारात एक मोठं घंगाळ नाहीतर पितळेची परात, घरात नसली तर भाड्याच्या भांडीवाल्याकडं मिळते, आदल्या दिवशी चिंच लावून घासायची, पाणी भरायचं, आणि त्यात सहा-सात तरंगत्या मेणबत्त्या. मेण पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून त्या आपोआप तरंगतात. फुलांच्या पाकळ्या अगदी गच्च भरू नको, दिवे पाण्यावर हलतात आणि सुकी पाकळी ज्योतीला लागली की करपल्याचा वास येतो. कडेनं ताजी शेवंती, मधे मोकळं पाणी, एवढंच. घंगाळाच्या मागं समई. आणि दारापासून आतपर्यंत भिंतीच्या कडेनं, येण्याजाण्याची वाट सोडून, पणत्यांची एक ओळ. पणतीत तेल नको, फरशीवर सांडलं की माणूस घसरतो, रुंद तोंडाच्या पणत्या घेऊन त्यात टीलाइट ठेवायचं. घ्यायला जाताना एक टीलाइट पर्समध्ये घेऊन जा आणि पणतीत ठेवून बघूनच घे.

वासाच्या मेणबत्त्या जेवायच्या जागी घेऊ नको. ताटातल्या अन्नाचा वास एक, मेणबत्तीतल्या गुलाबाचा दुसरा, आणि निशिगंध असेल तर तिसरा, वयस्कर माणसांचं डोकं धरतं.

रुखवताच्या टेबलावर पण खरी ज्योत नको, तिथं थर्माकोल, लोकर, कागदाची फुलं, सगळं पेटायला बसलेलंच. तिथं आणि स्टेजच्या पायऱ्यांवर बॅटरीवरचे एलईडी दिवे ठेव, २४ नग पुरतील, आणि घेताना पिवळ्या उजेडाचे बघ, पांढरे नकोत. त्यांच्या आत बटणासारखा चपटा सेल असतो. लहान मुलानं तो गिळला तर जिवावर बेततं, म्हणून ज्याचं खालचं झाकण स्क्रूनं बंद होतं तेच घे आणि रात्री मोजून परत पेटीत टाक.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ट्रायल. लग्नाच्या महिनाभर आधी एका रात्री घरातलं एक टेबल घे, त्यावर कापड टाक, तीन बाटल्या मांड, ट्यूब बंद कर आणि बाजूच्या खोलीतला लाइट चालू ठेव म्हणजे हॉलसारखा अर्धा उजेड होईल. पंखा दोनवर कर. आणि मग तीन तास ते टेबल नुसतं सोडून देऊ नको, अधनंमधनं बघत राहा. पंख्यानं ज्योत एका बाजूला झुकली की त्याच बाजूच्या काचेवर काळा पट्टा उमटायला लागतो, तो दिसला की समजायचं बाटली अजून उंच पाहिजे नाहीतर पंखा बंद पाहिजे. वात लांब असली तरी धूर येतो, अर्धा सेंटिमीटरच्या वर असली तर कात्रीनं कापायची. काच हाताला किती गरम लागते बघ. आणि टीलाइट किती वेळ चाललं ते लिहून ठेव. चांगलं भरलेलं टीलाइट साधारण चार तास जळतं, म्हणजे पावणेसातला लावलं तर दहापर्यंत आरामात. पण स्वस्तातल्या काही पाकिटांत वाटी अर्धीच भरलेली असते आणि ती दोन-अडीच तासांत संपतात, ऐन जेवणाच्या वेळी टेबलं काळोखी. म्हणून आधी एकच पाकीट आण, ट्रायल कर, मगच बाकीची त्याच दुकानातनं.

या ट्रायलला बहिणीला बसव. तिला नेमकं काय आवडलं होतं, मेणबत्ती, का पिवळा उजेड, का सगळं शांत दिसतंय ते, हे तिला टेबलासमोर बसल्यावरच सांगता येईल. तू तिच्यासाठी एवढं करतेयस पण पत्रात तिला विचारल्याचं कुठं दिसलं नाही. कदाचित ती म्हणेल ताई, १० टेबलं पण बास.

आत्याबद्दल. आत्या चुकीची आहे असं मला वाटत नाही. ती जे बोलली ते तिच्या डोळ्यांसमोर आहे, चौकात फोटो, फोटोपुढं उभ्या पांढऱ्या मेणबत्त्या. घरात मंगल कार्य असताना तिला ते आठवणं साहजिक आहे, आणि असं मनात ठसलेलं वाद घालून जात नाही. तेव्हा दोन गोष्टी कर. एक, पांढऱ्या उभ्या मेणबत्त्या कुठंच ठेवू नको, तशाही त्या कलंडतात. सगळे दिवे पणतीत, काचेत आणि पाण्यात. दुसरं, तिच्याकडं जा आणि दारातली समई तू लाव म्हणून सांग, संध्याकाळचा पहिला दिवा तिच्या हातचा, बाकीचे त्यानंतर. तिला गप्प करायला म्हणून नको हां, माणसाला ते लगेच कळतं. खरंच तिला विचार की वाती कशा करायच्या, समईला किती वाती, घंगाळ कुणाचं आणायचं, तिच्याकडं असेल तर तिचंच आण. विझण्याची जी भीती आहे ती पण मनावर घे, खोल बाटलीत दिवा सहसा विझत नाही हे तिला ट्रायलच्या रात्री दाखव. आणि शेवटी बंद करताना कुणी फुंकर मारायची नाही, बाटलीवर ताटली ठेवायची, हवा तुटली की ज्योत आपोआप शांत होते. फुंकर मारली की पातळ मेण उडतं आणि हात भाजतो, त्यामुळं आत्यासाठी नाही तरी पाळायचंच आहे.

एवढं करूनही ती नको म्हणाली तर? तर टेबलांवर एलईडी आणि दारात समई-पणत्या, असं कर. बहिणीचं लग्न आणि आत्याचं मन, दोन्ही तुला नंतर वर्षानुवर्षं सांभाळायचंय.

त्या दिवशी दिवे कोण लावणार हे आत्ताच ठरव, आणि ते नाव तुझं नको. तू करवली आहेस, तुला बहिणीच्या बाजूला उभं राहायचंय, साडी सावरत टेबलाटेबलावर वाकायचं नाही. तुझ्या ८,००० मधनं जे उरतील त्यातनं दोन हुशार पोरं सांग, भावकीतली असली तरी पैसे देऊनच, म्हणजे ती जागेवर राहतात. एकानं मीठ आणि बाटल्या मांडायच्या, दोघांनी मिळून लांब दांड्याच्या लायटरनं दिवे लावायचे, वीस मिनिटांत होतं. काडेपेटी नको, काडीचं जळकं टोक मेणात पडलं की तीच दुसरी वात होते आणि ज्योत भडकते. नंतर एक जण बसायच्या बाजूला फिरत राहणार, एक दाराशी, कोपऱ्यात वाळूची बादली, आणि हॉलमधलं आग विझवायचं सिलिंडर कुठं आहे ते दोघांनी आधी बघून ठेवायचं. बाटल्या टेबलाच्या मधोमध, एकमेकींपासून वीतभर अंतर, आणि पडदे, झालरी, लोंबणारी फुलं यांच्यापासून फूटभर तरी लांब. दोन टीलाइट चिकटून ठेवली तर एकमेकांचं मेण वितळवतात.

बाटल्या हॉलवर न्यायला सोडा-कोल्ड्रिंकचे खणांचे क्रेट माग, दुकानदार एका दिवसासाठी देतात, प्रत्येक खणात एक बाटली कागदात गुंडाळून. परत आल्यावर पणत्यांना किंवा परातीला मेण चिकटलेलं असेल तर गरम पाण्यानं धुऊन ते पाणी मोरीत ओतू नको, मेण पाइपात जाऊन घट्ट होतं. फ्रीजरमध्ये तासभर ठेवलं की मेण आकसतं आणि टोकानं टुचकन निघतं. टेबलाच्या कापडावर सांडलं असेल तर आधी बर्फ लावून खरवडायचं, मग वर-खाली जुना कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, कागद मेण शोषून घेतो.

हिशेब सांगते, साधारण धर, दुकानाप्रमाणं थोडं इकडं तिकडं होईल. टीलाइट १५० घे, टेबलांवर ४२ लागतील, पणत्यांत ५०-६०, बाकी ट्रायलला आणि जादाची, ६०० रुपये. पणत्या ६०, ३०० रुपये. एलईडी ५००. मीठ १००. तरंगत्या मेणबत्त्या, लायटर, दोरा असं सटरफटर ५००. फुलं २,०००, ती आदल्या संध्याकाळी बाजारातनं सुटी घे, हार-तुरे करून घेऊ नको. बेरीज ४,००० झाली. दोन पोरांना चांगले पैसे देऊन पण तुझ्याकडं दोन-अडीच हजार उरतात, ते जपून ठेव, लग्नात शेवटच्या दोन दिवसांत कुठनं तरी खर्च निघतोच.

टीलाइट, एलईडी लक्ष्मीपुरीत होलसेलला बघ, एका दुकानात विचारून घेऊ नको, चार ठिकाणी फिर. पणत्या शाहूपुरीत कुंभार गल्लीत, आणि घाई करू नको, दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर उरलेला माल असतो, भाव पण कमी होतो आणि निवांत एकेक पणती वाजवून, चिर नाही ना बघून घेता येते. तोपर्यंत फक्त बाटल्या जमव, इरकल शोध आणि त्या मॅनेजरला फोन कर. तो उघड्या ज्योतीला नाही म्हणाला तर निदान समईला परवानगी माग, आणि टेबलांवर त्याच बाटल्या, तोच काठ, तेच मीठ, आत पिवळे एलईडी, आतल्या बाजूनं पातळ बटर पेपर लावलास तर बल्ब दिसत नाही, नुसता उजेड दिसतो.